बोटीच्या पंपाचं रबर

दुपारी मी टाकलेला व्हिडिओ तुम्ही बघितलाच. साठी उलटलेले शेषराव मिस्त्री घाम पुसत उभे हायेत अन् मी ओरडून राह्यलो, "मामा, ही विहिरीतली मोटर न्हाई, बोटीचं इंजिन हाय." तुम्ही पोट धरून हसलात.

आता पुढचं ऐका. सकाळी गोदावरीच्या काठावर त्यांनी माझ्या मासेमारीच्या बोटीचा, इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप बदलला अन् इंजिनाचा पंख्याकडचा खालचा भाग परत बसवला. बोट पाण्यात घालून इंजिन चालू केलं, तर मागून पाण्याची धारच न्हाई. इंजिन तापायला लागलं. मंग मी चार लोकांत त्यांची लायकी काढली अन् वरून व्हिडिओ केला.

त्यांनी तो भाग पुन्हा उतरवला. पंपात नळी जिथं बसते, तिथलं रबरच नव्हतं. सगळीकडं शोधलं. "माझ्याच हातून हरवलं वाटतं," म्हणले अन् मान खाली घालून गेले.

संध्याकाळी तंबाखू मळायला पिशवी उघडली, तर रबर तिच्यात. सकाळी सामान पुसताना हरवू नये म्हणून मीच ठेवल्तं.

तेवढ्यात त्यांचा फोन आला. "भाऊ, चूक माझी हाय. उद्या जालन्याहून नवीन रबर आणतो. तेवढा व्हिडिओ काढून टाकता का?"

रबर माझ्या मुठीत होतं. मी म्हणलो, "आधी रबर आणा, मंग बघू."

व्हिडिओ अजून तिथंच हाय. आता सांगा, कोणाला हसून राह्यलात?