लेकीच्या कपाटाची भिंत

दादा, आमगावच्या फलाटावर माझी लोखंडी पेटी तूच गाडीत चढवली होतीस. मी नवी नवरी, अंगावरची हळदही उतरली नव्हती. माय खिडकीशी उभी होती. रडता रडता तिनं शेवटचं काय सांगितलं, तर, ‘‘बाई, लेकीच्या जातीचं सामान एका पेटीत मावलं पाहिजे. तिथं पसारा करू नोको.’’ गाडी भिलाईकडे निघाली आणि मी पेटीवर पाय ठेवून बसून राहिले. माझ्यासारख्या लग्न करून इकडे आलेल्या बायांनो, तुम्हीही असंच काहीतरी ऐकून आल्या असाल, म्हणून हे तुम्हालाही सांगते.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. मधल्या खोलीतली दाराजवळची खुंटी आठवते, दादा? शाळेपासून ती माझी. दप्तर, ओढणी, सगळं तिच्यावर. मी सवयीनं हात वर केला तर तिथं तुझी छत्री आणि तुझा सदरा! मायला विचारलं तर म्हणाली, ‘‘आता तुयं घर तिकडं हाये ना वो.’’ मला राग आला होता, आणि खरं सांगू? अजून आहे. एक खुंटी रिकामी ठेवता आली नाही तुम्हाला?

बरं, तिकडं म्हणजे कुठं? भिलाईच्या स्टील प्लांटचं क्वार्टर. दोन खोल्या, संडास-बाथरूम मागच्या आंगनात. आलमारी एकच, तिच्यात यांचे युनिफॉर्म आणि पोराची पुस्तकं. माझ्या साड्या पेटीत आणि पेटी पलंगाखाली. माझी लेक प्रणाली मोठी झाली तसे तिचे कपडेही माझ्याच पेटीत, माझ्या साड्यांवर जाऊ लागले. एकदा ती ड्रेस दाबून दाबून झाकण लावत होती. मी म्हटलं, राहू दे गं, चुरगळतील. तर हसून म्हणते, ‘‘मावते ना मम्मी, इतना ही तो है माझं.’’ मी तिला मायचं ते वाक्य कधीच सांगितलं नव्हतं. तरी पोरगी शिकलीच.

मग यांची रिटायरमेंट जवळ आली. क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून भिलाईतच रुआबांध्याला घर बांधायला काढलं. नकाशा केला भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या मोठ्या भावानं. आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज! पोराच्या खोलीला भिंतभर कपाट आणि अटॅच बाथरूम. प्रणालीच्या खोलीत एक कोनाडा, आणि आंघोळीला हॉल ओलांडून कॉमन बाथरूममध्ये जायचं. भासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. डोक्यावर पदर, मान खाली, काही म्हणायचं असेल तर यांच्यामार्फत. त्या दिवशी मात्र सरळ विचारलं, ‘‘असं कावून?’’

ते माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, ‘‘पोरगी आज हाये, उद्या सासरी जाईन. तिले अटॅच कायले पाहिजे?’’

दुसऱ्या दिवशी मी चुना घेऊन साइटवर गेले आणि कच्च्या जमिनीवर स्वतः रेघा मारल्या. मिस्त्री म्हणे, कपाट बाथरूमच्या भिंतीला लावा, जागा वाचेल. मी म्हटलं, नाही, त्या भिंतीला ओल येते, कपड्यांना वास मारतो. कपाट समोरच्या भिंतीला. बाथरूमचं दार उघडलं तर कपाटाला आपटू नये, म्हणून दार कोपऱ्याकडे सरकवलं. ड्रेस टांगायला वर दांडा, खाली खण. बाथरूमला पूर्वेची मोठी खिडकी, कारण आतले कपडे साडीखाली लपवून वाळवण्यात माझा जन्म गेला, तिचा जायला नको. दाराला आतून कडी. आणि ही सगळी जागा मी हॉलमधून काढली.

चुना पाहून भासरे भडकलेच. ‘‘हॉल केवढासा करून राहिली ही! चार पाहुणे आले तं बसतीन कुठं?’’

‘‘पाहुणे घडीभर बसतेत,’’ मी म्हटलं. ‘‘पोरीले इथं राह्याचं हाये.’’

डोक्यावरचा पदर घसरला होता. मी तो वर घेतला नाही. हे खाली बघत उभे. मिस्त्रीनं मलाच विचारलं, ‘‘दीदी, फायनल?’’ मी म्हटलं, फायनल.

त्या खोलीत प्रणाली राहिली, शिकली आणि हैदराबादला गेली. सासरी नाही, नोकरीला. ती गेली नाही तोच भासऱ्यांचा फोन, ‘‘खोली रिकामीच हाये. अटॅच हाये म्हणून भाडेकरू लगेच भेटन.’’ वा रे वा! ज्या बाथरूमवरून एवढं रामायण झालं, तेच आता कामाचं! आणि आमचे हे भोळे सांब, पलंगाखालून माझी पेटी ओढत होते. ‘‘तिचे कपडे याच्यात टाकून देऊ ना. मावतीन.’’

मी पेटीवर बसले. खरंच बसले, झाकणावर. म्हटलं, तिच्या एका कपड्याला हात लावून तर दाखवा.

संध्याकाळी फोनवर प्रणालीला सगळं फुशारकीनं सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तर ती विचारते, ‘‘पण मम्मी, तुझ्या साड्या अजून पेटीतच आहेत?’’

अख्ख्या घराशी भांडले मी, आणि माझं स्वतःचं सामान पलंगाखालीच!

‘‘माझ्या कपाटात जागा आहे. अभी के अभी ठेव. मी लाइनवर आहे.’’

ठेवल्या. तिच्या कुर्त्यांशेजारी माझा लग्नाचा शालू टांगला. पेटी गच्चीवर नेली, बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला. चांगला हिरवागार आला आहे, रोज भाजीत घालते.

तर दादा, मायचा शब्द मी मोडला. पसारा केला, चांगला भिंतभर केला. माझं घर कोणतं हे आता मला कोणी सांगायची गरज नाही. तुझ्या लेकीच्या, मीनलच्या लग्नाची पत्रिका मिळाली, आम्ही सगळे येतो. अहेर माझ्या मनासारखा आणीन. तुझ्याकडून मला साडीचोळी काही नको. फक्त एक कर, ती गेल्यावर तिची खुंटी कोणाला देऊ नको. दिवाळीला येऊन मी पाहणार आहे.