हिरव्या शाईतली चतुर्थी

ख्रिस्ती शुभवर्तमानाचा प्रसार सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आमच्या टाइमकीपरकाकांइतक्या निष्ठेनं दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही, आणि हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. एसटीत, दवाखान्यात, भाजीबाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे माणूस हलू शकत नाही अशा प्रत्येक ठिकाणी काकांनी त्याला गाठलं आणि प्रभूचं प्रेम समजावून सांगितलं. चाळीस वर्षांच्या या कार्यातून एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. एक जण होण्याच्या बेतात होता, पण रविवारची उपासना सकाळी साडेसातला सुरू होते हे काकांनी त्याला प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकलं.

काका आमच्या मागच्या दारचे शेजारी. मूळचे उंब्रजचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. माधवनगरच्या एका कापडगिरणीत त्यांनी उभं आयुष्य टाइमकीपर म्हणून काढलं. भोंगा द्यायचा, हजेरीची कार्डं तपासायची आणि मिनिटाचाही उशीर करणाऱ्याकडे दुःखानं बघायचं, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडल्यावर भोंगा थांबला, पण काका थांबले नाहीत. आमच्या गल्लीत दूधवाला, पेपरवाला आणि नळाचं पाणी हे तिघं वेळेवर आले की नाही याची नोंद ते मनातल्या मनात ठेवत आणि पाण्याला सोडून बाकी दोघांना ती ऐकवत. काकू गेल्यापासून ते एकटेच होते. मुलगी उंब्रजला दिलेली.

विश्वास सांगण्याच्या जितक्या रीती असतात तितक्या त्यांनी करून पाहिल्या. सुरुवात पत्रिकांपासून झाली. मंडळीकडून, म्हणजे त्यांच्या चर्चकडून, त्यांना धर्मपत्रिकांचा छोटा गठ्ठा मिळे. तो पुरत नसे, म्हणून ते पत्रिका देताना ती परतही मागत. एसटीत कऱ्हाडला चढलेल्या माणसाला पत्रिका द्यायची आणि आष्ट्याला तो उतरायच्या आत परत घ्यायची, कारण पुढे आणखी लोक बसणार होते. लोक ती घडी न उघडता जपून ठेवत आणि जपून परत देत. मग त्यांनी साक्ष देऊन पाहिली. साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून आपलं आयुष्य प्रभूनं कसं पालटलं ते सांगणं. इथे काकांची मोठी पंचाईत झाली. मंडळीतले बाकीचे लोक दारू, जुगार, मारामाऱ्या अशा भरघोस भूतकाळातून वर आलेले. काकांचा बाप्तिस्मा पाळण्यात झालेला आणि सुपारीचं खांडही त्यांनी कधी तोंडात धरलेलं नाही. ते उभे राहून म्हणाले, "मी आधीही वेळेवर जात होतो. अजूनही वेळेवरच जातो." आणि खाली बसले.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला ते सरकारी दवाखान्यात जात. आधी परवानगी विचारत, मग खिशातलं घड्याळ काढून उशाशी ठेवत आणि बरोबर दोन मिनिटं प्रार्थना करत. प्रार्थना लांबली तर पेशंटची गोळ्यांची वेळ चुकते, असं त्यांचं म्हणणं. नंतर थर्मासमधला चहा. लोक प्रार्थनेला नाही म्हणत नसत, कारण चहा चांगला असे. नाताळात आमच्या घरी करंज्यांचं ताट यायचं आणि प्रत्येक करंजीखाली बायबलमधल्या वचनाची एक चिठ्ठी असायची. ती तुपानं इतकी पारदर्शक झालेली असायची की वचनापेक्षा खालच्या ताटावरची नक्षी जास्त स्पष्ट वाचता यायची.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की इतकं करून कुणी ऐकत नाही, याचा तुम्हाला कंटाळा कसा येत नाही. ते म्हणाले, "मी गिरणीत भोंगा द्यायचो. कोण कशाला आला, कोण नाही आला, हे बघणारा वर दुसरा होता."

पण काकांचं खरं कार्य म्हणजे कॅलेंडर. मंडळी दर वर्षी वचनांचं कॅलेंडर छापते. प्रत्येक तारखेखाली बायबलमधली एक ओळ, वर मेंढरांचं चित्र. काका त्यातली चाळीस कॅलेंडरं आमच्या गल्लीत घरोघर वाटायचे. लोक नमस्कार करून घ्यायचे आणि गादीखाली ठेवायचे. आमच्या घरी ते लोणच्याच्या बरणीखाली अंथरलेलं होतं आणि ते काकांनी पाहिलं. त्या डिसेंबरात त्यांनी पंचांग विकत आणलं, हिरव्या शाईचं पेन आणलं, पट्टी घेतली आणि चाळीसही कॅलेंडरांवर एकादशी, अमावास्या, पौर्णिमा आणि संकष्टी स्वतःच्या हातानं लिहून काढली. शिवाय ज्याच्या त्याच्या घरचं जे असेल ते. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या कॅलेंडरवर रमजान. जतकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या धनगर कुटुंबाच्या कॅलेंडरवर त्यांच्या बिरोबाची जत्रा. त्या घरातली म्हातारी येऊन म्हणाली होती, "आवं काका, मला वाचाय येत न्हाई. अवसंला काळा ठिपका द्या की." काकांनी बारा काळे ठिपके दिले, गोल, पैसा ठेवून काढलेले.

त्या वर्षी चाळीस घरांत वचनं भिंतीवर लागली.

संकष्टीपुढे चंद्रोदयाची वेळ असायची आणि तिथे काकांमधला टाइमकीपर जागा झाला. पंचांगातली वेळ मुंबईची होती. सांगलीला चंद्र आधी उगवतो हे त्यांना पटत होतं, पण किती आधी, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. वर्षभर दर संकष्टीला ते घड्याळ घेऊन गच्चीवर उभे राहिले. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका पूजेची तबकं घेऊन उभ्या, आणि मध्ये हा ख्रिस्ती गृहस्थ पूर्वेकडे डोळे लावून. चंद्राची कड दिसली की ते "आला" एवढंच म्हणत आणि आकडा लिहून घेत. फरक निघाला सात मिनिटांचा. पुढच्या वर्षापासून आमच्या गल्लीतल्या बायका मुंबईपेक्षा सात मिनिटं आधी जेवू लागल्या. माझी बायको म्हणायची की देवाचं मला माहीत नाही, पण काकांचा प्रभू वक्तशीर आहे.

आता माझी चूक सांगतो. मी एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून लिहितो. लिहायला काही नव्हतं तेव्हा मी काकांच्या कॅलेंडरावर लिहिलं. नाव घातलं नाही, पण सांगलीत असा माणूस एकच होता. लेख लोकांना आवडला. मलाही आवडला. काकांनी तो कापून बायबलमध्ये ठेवला.

पंधरा दिवसांत कपाळाला गंध लावलेले दोन तरुण काकांच्या फाटकात येऊन उभे राहिले. आमच्या घरांतून हे वचनांचं काय चाललंय, सणवाराच्या नावाखाली माणसं बाटवायचा डाव दिसतोय, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांना चहा विचारला आणि पुढची एकादशी कधी आहे ते सांगितलं. त्यांना ती माहीत नव्हती, त्यामुळे ते जास्तच चिडले. जाताना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले की कुणाकुणाच्या भिंतीवर काय आहे ते आम्ही येऊन बघणार आहोत.

त्याच महिन्यात मंडळीत शिबिर होतं. नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पुण्याहून आलेले. शिबिराचा विषय होता विश्वास सांगण्याचे सात मार्ग. पडदा, प्रोजेक्टर, मंचावर सात खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला मखमली कव्हर. सर्वांत जुने सेवक म्हणून काकांचा सत्कार होणार होता, म्हणून त्यांनी मला मुद्दाम नेलं. कार्यक्रम पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झाला. काका दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघत, जणू उशीर त्यांच्याच घरी झाला होता. सहा मार्ग झाले. सातव्या मार्गाआधी पाळकसाहेबांनी काय करू नये याचं उदाहरण म्हणून पडद्यावर एक कात्रण दाखवलं. तो माझा लेख होता. त्यांनी काकांना उभं राहायला सांगितलं आणि विचारलं, हे खरं आहे का?

"खरं आहे, साहेब," काका म्हणाले. "खिळा त्यांचा असतो. त्यांच्या उपयोगाचं काही असल्याशिवाय ते माझ्यासाठी खिळा कशाला ठोकतील?"

"आणि ही चंद्रोदयाची वेळ? ती दुरुस्त करून देणं हीसुद्धा प्रभूची सेवा का?"

"बाई दिवसभर उपाशी असते, साहेब. मुंबईची वेळ लावली तर सात मिनिटं उगीचच जास्त."

लोक हसले. पाळकसाहेब म्हणाले की म्हणजे तुम्ही लोकांना मूर्तीपुढे वेळेवर पोचवता. लोक पुन्हा हसले. सत्काराची शाल आणलेलीच होती, म्हणून ती देण्यात आली. नंतर मंडळीच्या पंच कमिटीनं ठरवलं की कॅलेंडरवाटप यापुढे तरुण संघाकडे राहील आणि नाताळचा शास्त्रपाठही या वर्षी दुसरं कुणीतरी वाचेल. तो पाठ काका तीस वर्षं वाचत होते. परत येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले की सातवा मार्ग राहून गेला. पाहुण्यांची जेवणाची वेळ झाली म्हणून पाळकसाहेबांनी तो घेतलाच नव्हता.

एक टोळी म्हणत होती की हा माणूस हिंदूंना ख्रिस्ती करतो आणि दुसरी म्हणत होती की हा ख्रिस्त्यांना हिंदू करतो. चाळीस वर्षांत काकांनी कुणालाच कुणी केलेलं नाही, हे दोन्हींना शपथेवर सांगू शकेल असा माणूस मीच होतो. मी सांगितलं नाही. गल्लीतली कॅलेंडरं एकेक करून उतरली. आमच्या घरातलं मी स्वतः काढलं. माझ्या भाच्याच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यातला एक जण त्या गंधवाल्यांपैकी एकाचा चुलता होता. उगाच विषय नको, असं मी बायकोला म्हणालो. तिनं मला विचारलं की मग चतुर्थी कशात बघू. मी म्हटलं मोबाइलमध्ये.

दुसऱ्या दिवशी काका पेपर परत द्यायला आले. भिंतीकडे त्यांचं लक्ष गेलं. कॅलेंडराच्या जागी रंगाचा उजळ चौकोन होता आणि वर रिकामा खिळा. काका खिळ्याला बोट लावून म्हणाले, "सैल झालाय. पडेल कुणाच्या पायात." मग घरी जाऊन हातोडी घेऊन आले, खिळा ठोकून घट्ट केला आणि निघून गेले.

त्या नाताळात करंज्या आल्या. खाली चिठ्ठ्या नव्हत्या. मार्चमध्ये ते मुलीकडे उंब्रजला गेले आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तिथेच वारले. आम्ही दोघं गेलो होतो. हायवेवर पाळकसाहेबांची गाडी अडकली, त्यामुळे काकांचा दफनविधी चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला. त्यात काकांना मूक सेवक म्हणण्यात आलं, जे अगदीच चूक होतं. निघताना मुलीनं कागदात गुंडाळलेली एक सुरळी हातात दिली. म्हणाली, "तुमचं नाव घातलंय वर. आप्पांनी एवढं एकच केलं होतं या वर्षी." सुरळीत चालू वर्षाचं कॅलेंडर होतं. वचनं होती, मेंढरं होती, डिसेंबरापर्यंत हिरवी शाई होती.

घरी आल्यावर मी ते त्याच खिळ्यावर लावलं. गंधवाले बघायला आले नाहीत. त्यांना नंतर दुसरी कामं लागली. वर्ष संपल्यावर बायकोनं ते उतरवून कपाटात ठेवलं, लोणच्याखाली नाही.

आता त्या खिळ्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानानं दिलेलं कॅलेंडर आहे. त्यात चतुर्थी छापलेली असते आणि पुढे चंद्रोदयाची वेळही असते, मुंबईची. बायको त्या वेळेलाच जेवते.