साहिलचा डावा गुडघा

गिरजाबाई फुटबॉल बघायला लागली तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती. कासू स्टेशनवरून खाडीच्या दिशेने चालत गेलं की तिचं गाव येतं. तिथलं मिठागर बंद पडलं, वाफे सुकले आणि त्या सपाट, टणक जमिनीवर गावच्या पोरांनी बांबूचे गोलपोस्ट रोवले. याच वाफ्यांतून गिरजाबाईने आणि तिचा नवरा कान्हू याने वीस वर्षं डोक्यावरून मीठ वाहिलं होतं. कान्हू वारला, लेक भूमिका लग्न होऊन पेणला गेली आणि संध्याकाळी घरात बोलायला कुणी उरलं नाही. एक दिवस ती बांधावरून शेळ्या घेऊन चालली असताना चेंडू तिच्या पायाशी आला.

"मावशी, मार लाथ!" पोरं ओरडली.

तिने मारली. चेंडू चार हात गेला आणि चप्पल दहा हात. पोरं हसली, तीही हसली, आणि दुसऱ्या दिवशी शेळ्या लवकर बांधून ती बांधावर येऊन बसली. त्यानंतर गावच्या संघाची एकही मॅच तिने चुकवली नाही. संघाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्यांना खारवाले म्हणत. मिठागराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारून मारून तिचा आवाज तयार झालेला. रेफ्रीने चुकीची शिट्टी मारली की तो आवाज त्याच्या कानात जाई. बांधावरच्या सापाला नाही, दारू पिऊन भांडणाऱ्यांना नाही, ती कुणालाच भीत नसे. म्हणून गेल्या जानेवारीत तिला झालं ते तिच्या स्वतःच्याही ओळखीचं नव्हतं.

साहिल हा त्याच गावातल्या वैशालीचा मुलगा. खारवाल्यांचे निम्मे गोल त्याचे. दोन वर्षांपूर्वी जिते गावच्या मैदानावर चिखलात त्याचा डावा गुडघा पिळवटला. पेणच्या डॉक्टरने तीन महिने खेळायचं नाही म्हणून सांगितलं. साहिलने संघाला आणि कॅप्टन सुजयला सांगितलं, साधी मुरगळ आहे. आणि तो गिरजाबाईकडे आला, कारण कंबर धरली, पाय मुरगळला की गाव तिच्याकडेच यायचं.

"मावशी, कुणाला बोलू नको हां. सुजयला कळलं तर तो मला बाहेर बसवेल."

"मी कशाला कुणाला सांगू?" ती म्हणाली.

दीड महिना तिने गरम मिठाच्या पुरचुंडीने तो गुडघा शेकला. साहिल पुन्हा खेळायला लागला. पण डाव्या पायावर एकदम वळायची वेळ आली की तो डोळ्याची पापणी लवेल एवढा थबकायचा. ते बांधावरून फक्त तिलाच दिसायचं.

मग त्या जानेवारीच्या आधीच्या मे महिन्यात साहिल गेला. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीचा संघ होता, चांगल्या खेळाडूला ते शिफ्टचं काम देत. तो रोह्याला खोली घेऊन राहिला. जाताना त्याने सुजयला फोन केला, दोस्तांना चहा पाजला. गिरजाबाईला काहीच सांगितलं नाही. तिला ते कळलं सुजयकडून.

"बरं झालं. पोराचं भलं झालं," ती म्हणाली. आणि तीन दिवस बांधावर आली नाही.

जानेवारीत पेणला स्पर्धा भरली आणि उपांत्य फेरीत खारवाल्यांसमोर आला तो साहिलचाच संघ. मॅच रविवारी. त्याआधीच्या बुधवारी सराव संपल्यावर सुजय बांधावर येऊन बसला. तो बचावात खेळणारा, खांद्याने रुंद गडी. एकेकाळी साहिल आणि तो एकाच ताटात जेवायचे.

"मावशी, आपण काय जिंकत नाय," तो म्हणाला. "साहिलला थांबवणार कोण? मी? माझ्या बाजूनं वाऱ्यासारखा जातो तो."

गिरजाबाईच्या मनात आठ महिने साचलेलं काहीतरी हललं. ती म्हणाली, "त्याला डावीकडं वळायला लाव. डावा गुडघा कच्चा हाय त्याचा. अजून कच्चा हाय."

सुजयने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि गेला.

तो दिसेनासा झाला तशी ती भानावर आली. आपण काय बोललो? गुडघा कच्चा आहे हे कळल्यावर खेळणारा माणूस काय करतो, हे तिने दहा वर्षं मैदानाच्या कडेला बसून पाहिलं होतं. सुजय वाईट नव्हता. पण हरायची वेळ आली की पाय डोक्याचं ऐकत नाहीत.

सकाळी ती त्याच्या दारात गेली.

"सुजय, काल मी बोलले ते इसर. ते जुनं झालं. आता बरा हाय त्याचा पाय."

"मावशी, कळलं ते कळलं," तो टॉवेलने तोंड पुसत म्हणाला. "आता डोक्यातून काढू कसं?"

"त्याला लागू देऊ नको."

"मी काय कसाई हाय?" तो रागावला आणि आत गेला. त्याच्या रागाने तिला धीर यायला हवा होता. आला नाही.

शुक्रवारी ती पेणला भूमिकाकडे गेली आणि तिच्या मोबाईलवरून साहिलला फोन लावायला सांगितला. मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं: बाबा, माझं चुकलं, त्यांना तुझा गुडघा कळलाय, सांभाळून खेळ. साहिलने फोन उचलला आणि तिचा आवाज ऐकताच ओरडला, "मावशी! अगं, किती दिवसांनी! तू येणार ना रविवारी? आईपण येतेय. तुझ्याच शेजारी बसवतो तिला, तिला खेळातलं काय कळत नाय."

"येते," ती म्हणाली.

"मावशी, जाताना तुला भेटलो नाय. तुझ्यासमोर रडायला आलं असतं, म्हणून आलो नाय. रागावलीस?"

"नाय रे," ती म्हणाली, आणि ठरवलेलं न सांगताच फोन भूमिकाच्या हातात दिला. फोन ठेवल्यावर भूमिका विचारत राहिली, "काय झालं गो आये?" तिने पिशवी उचलली आणि स्टेशनची वाट धरली.

रविवारी दुपारी मैदानाभोवती दोरी बांधली होती, माणसं खचाखच भरली होती. गिरजाबाई नेहमी दोरीला चिकटून उभी राहायची. त्या दिवशी ती मागे, मंडपाच्या कनातीजवळ बसली. वैशाली तिला शोधत आली आणि बाजूला बसली.

"गिरजाबाय, आज गप का? कुणाच्या बाजूनं ओरडायचं ते कळत नाय, व्हय ना?" वैशाली हसली. "माझंपण तसंच हाय. गाव जिंको आणि माझा पोरगा गोल मारो."

गिरजाबाईने मान हलवली.

मॅच सुरू झाली आणि तिने चेंडूकडे पाहिलंच नाही. ती दोघांकडेच बघत होती, साहिलकडे आणि सुजयकडे. पहिल्याच धावेत सुजय उजवीकडची वाट अडवून उभा राहिला. दुसऱ्यांदाही तेच. साहिलला वळायला एकच बाजू उरत होती. तो वळला, पापणी लवेल एवढा थबकला, आणि सुजयने चेंडू काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिरजाबाईने वाजवल्या नाहीत. सांगितलेलं सगळं तो लक्षात ठेवून खेळत होता.

तिसऱ्यांदा साहिल जागच्या जागी थांबला. त्याने सुजयकडे पाहिलं आणि मग गर्दीवरून नजर फिरवली, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. गिरजाबाईने पदर तोंडावर ओढला.

तरीही पहिला गोल साहिलनेच मारला, लांबून, वळायची गरजच न पडता. वैशाली उठून टाळ्या वाजवायला लागली. गिरजाबाईच्या छातीत एक क्षण आनंद उसळला आणि लगेच विरला, कारण सुजयचा चेहरा तिला दिसला. लाल, दात आवळलेला. मध्यंतराच्या आधी खारवाल्यांनी बरोबरी केली.

मध्यंतरात ती उठली. सुजयला गाठायचं, हात जोडायचे असं ठरवून निघाली, पण खेळाडूंभोवती गावची पन्नास माणसं होती. कुणीतरी तिला पाहून म्हणालं, "मावशी, आवाज कुठं गेला तुझा? दुसऱ्या हाफला दणका दे!" ती तशीच परत आली. तेवढ्या माणसांत काय सांगणार होती? की आपल्या पोरांनी जिंकू नये?

दुसरा हाफ निम्मा झाला असेल. साहिलला उजव्या कोपऱ्यात चेंडू मिळाला. सुजय धावत आला. साहिलने डाव्या पायावर वळण घेतलं आणि सुजयने जमिनीवरून घसरत पाय घातला. चेंडू दोरीबाहेर गेला. साहिल आडवा पडला, दोन्ही हातांनी गुडघा धरून.

रेफ्रीने शिट्टी मारली नाही. चेंडूलाच पाय लागला होता, असं त्याने हाताने दाखवलं.

वैशाली "आई गं!" म्हणत धावत सुटली. गिरजाबाईला उठता येईना. माणसांच्या पायांमधून तिला साहिलचा बूट तेवढा दिसत होता, न हलणारा. तिने हात जोडले आणि ग्रामदेवीला म्हणाली, माझी वाचा घे, पण त्याला उभा कर.

दोघांच्या खांद्यावर हात टाकून साहिल बाहेर गेला. तो गेल्यावर त्याच्या संघाचा जोर ओसरला. शेवटच्या पाच मिनिटांत खारवाल्यांनी दुसरा गोल केला. मॅच जिंकली.

असा जल्लोष गावाने कधी केला नव्हता. ढोल वाजले, गुलाल उडाला. पोरं गिरजाबाईला शोधत आली, तिच्या कपाळाला गुलाल फासला, हात धरून नाचवायला लागली. "गेलेल्याला दाखवून दिलं, मावशी!" एकजण ओरडला. तिचं तोंड हसत होतं. दहा वर्षं ज्या विजयाची वाट पाहिली तो असा आला, आणि तिला एवढंच वाटत होतं की आता कुणीतरी येऊन सांगेल, त्या पोराचा पाय गेला.

गर्दीतून सुटून ती मंडपाच्या मागे गेली. साहिल बाकावर बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. शेजारी वैशाली. कपाळावरचा गुलाल पुसायचंही गिरजाबाईला सुचलं नाही.

"साहिल, मी सांगितलं," ती म्हणाली. "सुजयला. तुझ्या गुडघ्याचं मीच सांगितलं."

वैशालीला काही उमगेना. ती एकदा हिच्याकडे, एकदा मुलाकडे बघत राहिली.

"माहिती हाय," साहिल खाली बघत म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? तिसऱ्यांदा त्यानं वाट अडवली तेव्हाच कळलं." मग म्हणाला, "परवा फोन केलास तेव्हा तरी बोलायचंस, मावशी."

वैशाली उठली आणि शांतपणे म्हणाली, "गिरजाबाय, तू जा आता."

पुढचे चार दिवस तिला अन्न गेलं नाही. पनवेलला एमआरआय झाला एवढंच कळलं. त्यात काय निघालं ते विचारायला वैशालीच्या दारात जायची हिंमत नव्हती. खेळता आलं नाही तर कंपनी त्याला ठेवेल का, हा विचार आला की ती चुलीपुढून उठून अंगणात जायची. सुजय एकदा येऊन म्हणाला, "मावशी, मी चेंडूलाच पाय घातला. शपथ." मग हळूच म्हणाला, "पण घालताना मला गुडघा दिसत होता. ते खोटं नाय बोलत." आणि तो मोठा गडी तिच्या ओट्यावर बसून रडला.

पुढच्या रविवारी अंतिम सामना होता. सगळं गाव टेम्पोने पेणला गेलं. गिरजाबाईने वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकरी बांधल्या आणि कासूहून उलट्या दिशेची, रोह्याची गाडी धरली. वाटभर दर स्टेशनला तिला उतरून परत जावंसं वाटत होतं.

साहिलच्या खोलीचं दार वैशालीने उघडलं; ती लेकाजवळ राहायला आली होती. बराच वेळ दारातच उभी राहिली. मग बाजूला झाली.

साहिल पाय लांब करून बसला होता, गुडघ्याला पट्टा. "तुटलं नाय," तो म्हणाला. "थोडं फाटलंय. दोन महिने खेळायचं नाय. कंपनीनं बसून करायचं काम दिलंय."

गिरजाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिला हुंदका आला. सवयीने तिचा हात त्याच्या गुडघ्याकडे गेला आणि तो घाईने म्हणाला, "चोळायचं नाय सांगितलंय डॉक्टरनं." तिने हात मागे घेतला.

मग वैशालीने डबा उघडून तिघांची ताटं वाढली. जेवता जेवता साहिलने विचारलं, "फायनलचं काय झालं?"

"ठाऊक नाय," ती म्हणाली.

त्याने मोबाईल काढून पाहिलं. "हरलो आपण. तीन-एक."

तो 'आपण' म्हणाला हे तिच्या ध्यानात आलं, पण त्यावर विसंबायची तिची छाती झाली नाही. साहिल तिच्याशी पूर्वीसारखं मोकळेपणाने बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही बरेच दिवस नाही. ती मात्र दर रविवारी जात राहिली. एप्रिलमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला तेव्हा रोह्याला ती वैशालीसोबत गेली. पूर्ण वेळ तिने वैशालीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. नजर साहिलच्या डाव्या पायावरून हटली नाही; मॅच कुणी जिंकली ते तिला सांगता आलं नसतं.