द्वारकाबाईंचा कॉम्प्युटर

हडपसरच्या एका कारखान्यात द्वारका जगदाळे एकतीस वर्षं तपासणी विभागात होत्या. मशीनवरून उतरलेला पार्ट मापात आहे की नाही, हे त्या सांगायच्या. ‘चालून जाईल’ असं त्यांच्यासमोर म्हणायची सुपरवायझरचीही छाती होत नसे.

निवृत्त झाल्यावर त्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकल्या. वर्कशॉपवाले मच्छिंद्र घुले त्यांना जुन्या पंपांचे झिजलेले पार्ट आणून द्यायचे. बाई मापं घेऊन त्यांचं ड्रॉइंग करून द्यायच्या. घरचा जुना लॅपटॉप या कामाला पुरेना. तेव्हा बाईंनी सुटे भाग आणले आणि जेवणाच्या टेबलावर स्वतः कॉम्प्युटर जोडला. पहिल्याच बटणाला तो सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी स्क्रीन निळी झाली. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि दोन तासांचं काम गेलं. संध्याकाळी परत तेच.

मुलगा दिग्विजय बंगळुरूला आयटीत. तो फोनवर म्हणाला, “आई, विंडोज नव्याने टाक. आणि खरं सांगू? तयार घ्यायला हवा होतास. हे तुझं काम नाही.”

“माझं काम काय ते मी ठरवीन,” बाई म्हणाल्या आणि विंडोज नव्याने टाकलं. दुसऱ्या दिवशी स्क्रीन पुन्हा निळी.

सुटे भाग आणले होते त्या दुकानात फोन केला. मालक म्हणाला, “मावशी, गरम होत असेल. नाहीतर जोडताना काहीतरी झालं असणार. घरी कोणी जेन्ट्स नाहीत का?”

“मी तुमची मावशी नाही,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मग त्यांनी कारखान्यातल्यासारखा तक्ता आखला. वेळ, तेव्हा काय चालू होतं, तापमान किती, निळ्या स्क्रीनवर काय लिहून आलं. चार दिवसांत सात नोंदी झाल्या. तापमान एकदाही वाढलेलं नव्हतं, त्यामुळे गरम होण्याची गोष्ट निकालात निघाली. स्क्रीनवरचा मजकूर मात्र दर वेळी वेगळा. ही खूण मेमरीच्या बिघाडाची असू शकते, असं त्यांनी वाचलं. मेमरी तपासणारा एक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन चालवला, तर चुकांच्या लाल ओळी धडाधड उमटायला लागल्या.

आत मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्या होत्या. बाईंनी दोन्ही काढल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा जुना नियम. पहिली पट्टी एकटी लावली. तपासणी शेवटपर्यंत स्वच्छ. तिच्या जागी, त्याच खाचेत, दुसरी लावली. दहा मिनिटांत लाल ओळी. मग पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, पुन्हा स्वच्छ. म्हणजे खाचा ठीक, बोर्ड ठीक, जोडणी ठीक. ती एक पट्टीच सदोष.

पट्टी आणि तक्ता घेऊन त्या दुकानात गेल्या. मालकाने तक्त्याकडे पाहिलंही नाही. “हाताळणीत खराब झालीय. बदलून मिळणार नाही.”

“खराब झालीय, हे मान्य ना? त्या दिवशी फोनवर तर गरम होतंय म्हणत होतात.”

“कंपनी ऐकत नाही हो, ताई.”

“कंपनीचं मी बघते. तुमच्या खोक्यातली नवी पट्टी काढा, तुमच्याच मशीनवर एकटी लावा. नंतर ही लावा. मी इथेच बसते.”

दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती आणि तिघंही आता इकडेच बघत होती. मालकाने नाइलाजाने तपासणी लावली. नव्या पट्टीला काही झालं नाही. बाईंची पट्टी लावली आणि पडदा लाल ओळींनी भरला.

मालकाने बदलीचा कागद भरला. बाईंनी चष्मा लावून वाचला. कारणाच्या रकान्यात ‘ग्राहकाच्या हाताळणीत बिघाड’ असं होतं.

“यावर मी सही करणार नाही.”

“अहो, पट्टी देतोय ना बदलून? काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो?”

“मला पडतो. मी काही बिघडवलेलं नाही. ‘मूळचा दोष’ लिहा.”

“नाही लिहिलं तर?”

“तर मी बसलेय. तुमचं दुकान नऊला बंद होतं ना?”

मालकाने ओळ खोडली, नवी लिहिली. बाईंनी खाडाखोडीशेजारी त्याचीही सही घेतली, मग आपली केली. जाताना त्याने विचारलं, “लावून द्यायला माणूस पाठवू?”

“कशाला?”

घरी त्यांनी पट्टी लावली, तपासणी दोनदा चालवली आणि मगच ड्रॉइंग उघडलं. आठवडाभर स्क्रीन एकदाही निळी झाली नाही. घुल्यांच्या पंपाचा पार्ट बाईंच्या ड्रॉइंगवरून तयार झाला आणि पहिल्याच खेपेला मापात बसला.

रविवारी दिग्विजयचा फोन आला. “काय गं, चालतोय का तुझा कॉम्प्युटर?”

“चालतोय. कामात आहे मी, दुपारी कर.”