चार मिनिटांचा वाद

चार बोटं वर करून काका म्हणायचे, "उठू नका. चार मिनिटंच लागतील." दिवे लागायचे आणि ते प्रोजेक्टरवरचं रीळ बदलायला वाकायचे.

नव्वदच्या दशकात माझी बदली बनारसला झाली, तेव्हा बँकेत ते माझ्या शेजारच्या टेबलावर होते. ब्रह्मा घाटावरचं वेदपाठी मराठी घराणं, आणि ह्यांना नाद लागला सिनेमाचा. घरोघरी केबल आली तरी हे दिल्लीहून परदेशी चित्रपटांचे डबे मागवून महिन्यातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये दाखवत. आम्ही वीसेक माणसं. मशीन एकच, म्हणून दर रिळानंतर खोळंबा.

खरी मजा त्या खोळंब्यात. काकांचे बालमित्र, संकठा घाटावरचे मास्तर, पहिल्या रांगेतून उठत आणि दोघांची जुंपे. विषय ठरलेला: फ्रान्सचे दोन दिग्दर्शक. तरुणपणी जिवलग, दोघांनी मिळून सिनेमाची जुनी रीत मोडली, आणि पुढे पत्रातून असे भांडले की कायमचे दुरावले. गोष्ट जीव लावून सांगणारा तो काकांचा. गोष्टच मोडून टाकणारा तो मास्तरांचा. तुम्हीआम्ही क्रिकेटवरून भांडतो, तसे हे ह्यांच्यावरून.

"तुझा माणूस नुसता रडवतो," मास्तर म्हणत.

"और तुझा? डोकं दुखवतो, गुरू."

एकदा मास्तरांच्या लाडक्याचा चित्रपट होता आणि काकांनी चुकून दुसऱ्याआधी तिसरं रीळ लावलं. आम्हा कुणाला कळलं नाही. मास्तर तेवढे ताडकन उठले. चूक कबूल करायची सोडून काका हसत म्हणाले, "अरे गुरू, ह्याच्या सिनेमात क्रम असतो कुठे? कुणाला पता तरी लागला का?" हॉल हसला. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते. मास्तरांनी चपला घातल्या आणि ते गेले, ते यायचेच बंद झाले.

"मुद्दाम नव्हतं हो केलं," काका मला दिवसातून दोनदा सांगत.

"मग त्यांना सांगा की."

"उद्या जातो."

संध्याकाळी संकठा घाटापर्यंत जायचे, देवीला हात जोडायचे आणि माघारी यायचे. मास्तरांचं दार तिथून वीस पावलांवर. "त्या फ्रेंचांचंही हेच झालं," ते म्हणत. "एक गेला, मग दुसऱ्यानं मायेनं लिहिलं. काय फायदा?" एवढं कळणाऱ्या माणसाला ती वीस पावलं काही जमली नाहीत.

थंडीत काका अचानक गेले. पुढच्या महिन्यात आम्ही त्यांच्या आवडत्या दिग्दर्शकाचा चित्रपट ठेवला. मास्तर सगळ्यांच्या आधी आले, रिळांचा क्रम तीनदा तपासला आणि मशीनजवळ बसले.

पहिलं रीळ संपलं, दिवे लागले. मास्तरांनी चार बोटं वर केली. "उठू नका." मग काकांचे सगळे मुद्दे त्यांनी काकांच्याच शब्दांत मांडले, एकही न गाळता. पहिल्या रांगेतल्या आपल्या जुन्या खुर्चीकडे बघत थांबले.

"आता माझ्या बाजूनं बोला कुणीतरी," ते म्हणाले.

चार मिनिटं व्हायला अजून वेळ होता. मास्तर वाकले आणि त्यांनी दुसरं रीळ लावलं.