उघडलेल्या व्हिडिओ गेमचा गुन्हा

आपण विकत आणलेली वस्तू आपणच दुरुस्तीला दिली आणि कारागिराने ती उघडली, तर गुन्हेगार कोण? तुम्ही म्हणाल, यात गुन्हा कुठे आला? पण याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा सरकारी कागदावर लिहिलं आणि एका माणसाला कोठडीत टाकलं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आठवायला आता जुनी कागदपत्रं काढावी लागतील. या प्रकरणाला कागद लागत नाही.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं. मी परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. कॉलेजात असताना नामांतराची पत्रकं वाटली होती, खळीने भिंतींना चिकटवली होती. अन्याय दिसला की आपण ओळखणार, अशी माझी खात्री होती. अंगावर वर्दी आल्यावर ती खात्री जास्तच वाढली, आणि तिथेच घोटाळा झाला.

एका सकाळी हजेरी चालू असताना फोन आला. बोलणारा एका व्हिडिओ गेम कंपनीचा जिल्ह्यातला एजंट होता. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात कॅसेट घातली की पडद्यावर खेळ, हे तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. शिक्षक, व्यापारी, थोडेफार बागायतदार यांच्या घरी ते दिसू लागलं होतं. एजंट म्हणाला, "साहेब, ताडकळसला एक रेडिओ मेकॅनिक आहे. लोकांच्या मशीनमधून आमच्या कंपनीचे पार्ट चोरतो. आजच जा, माल हाताला लागेल."

दुपारी तो स्वतः येऊन लेखी फिर्याद देऊन गेला. पत्ता वाचून आमचे जमादार म्हणाले, "साहेब, पत्त्यातच गुन्हा लिहिल्याला हाय." पत्ता बौद्ध वस्तीचा होता. मी त्यांना गप्प बसा म्हणालो नाही. पत्रकं वाटणाऱ्याने निदान तेवढं तरी म्हणायला हवं होतं.

आम्ही गेलो तेव्हा बाजाराचा दिवस होता. वस्तीच्या तोंडाशी पत्र्याचं दुकान, आत रेडिओ, दोन पंखे आणि उघडे पडलेले तीन व्हिडिओ गेम. बाजारातलेच दोन पंच घेतले. खणात तंबाखूची एक पत्र्याची डबी मिळाली. तिच्यात अकरा आयसी, म्हणजे मशीनमधल्या चिपा होत्या, नखाएवढ्या काळ्या, पाय असलेल्या. प्रत्येक आयसी कागदाच्या कपट्यात गुंडाळलेली आणि कपट्यावर एक नाव, एक गाव. पोखर्णी, झरी, ताडकळस. मी पंचनाम्यात लिहिलं, "ज्यांच्याकडून माल चोरला त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्यांसह जप्त." चोराने चोरीच्या मालावर मालकाचं नाव कशाला लिहावं, हे विचारायला मला एक क्षण पुरला असता. मी तो घेतला नाही. बघ्यांची गर्दी जमली होती आणि मला काम उरकायचं होतं.

ठाण्यात आणून मेकॅनिकला समोर उभं केलं. तिशीचा, सडपातळ, बोटांवर तारांना डाग देताना भाजल्याचे चट्टे.

"ह्या आयसी कुठून आणल्या?"

"काढल्या, साहेब. लोकांच्या मशिनीतून."

जमादार माझ्याकडे वळले. "घ्या. कबूलच झाला की."

"लोकांनीच काढायला सांगितल्या."

"लोक म्हनले व्हय, ये बाबा, आमच्या घरात चोरी कर?" असं म्हणून जमादारांनी त्याच्या कानाखाली मारली. मी टेबलावरचा कागद पाहत राहिलो.

तो खाली पडला नाही, रडलाही नाही. गालावर हात ठेवून त्याच आवाजात सांगत राहिला. "साहेब, मशीन बिघडली का एजंट बदलून देतो. नवी मशीन जुनी कॅसेट घेत न्हाई. आत ही आयसी पहारा करायलीय. कॅसेट वळखीची नसली तर खेळ सुरूच होऊ देत न्हाई. मंग एजंट म्हनतो, कॅसेटी नव्या घ्या. मी ही काढून एक तार जोडतो. जुनी कॅसेट चालते. एवढंच हाय."

"मग काढलेल्या जपून कशाला ठेवल्या?"

"त्यांच्या हायत म्हनून. कवा मागितल्या तर द्यायला नगं?"

मी जबाबात लिहिलं, "आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो." ते अक्षर माझंच आहे.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांवरच्या नावांचे जबाब घ्यायला निघालो. पहिलंच नाव झरीच्या एका शिक्षिकेचं होतं. बाई शाळेतून नुकत्या आल्या होत्या. ओसरीवर त्यांचे यजमान बसले होते. ते एसटीचे ड्रायव्हर. अपघातात उजव्या हाताची बोटं आखडलेली, म्हणून घरी. डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितली होती. रबरी चेंडू दाबून कंटाळले, तेव्हा बाईंनी हा खेळ आणला. बटणं दाबता दाबता अंगठा वळायला लागला होता.

मी म्हणालो, "बाई, तुमच्या मशीनमधला पार्ट चोरीला गेलाय."

"चोरीला?" त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "मी काढायला दिलाय तो. मशीन माझी, घर माझं. माझं काही गेलं न्हाई साहेब, चोरी कुणाची झाली मग?"

ड्रायव्हर हसले. "दीड महिना खेळ बंद व्हता, साहेब. बोटं पुन्हा लाकडावानी झाली. एजंटाला लय सांगितलं. तो म्हनला, कॅसेटी बदला. आरं, हात बदलायचा का आता?"

मग बाईंनी आत जाऊन मशीनच्या खोक्यातला एक इंग्रजी कागद आणला आणि मला मराठीत अर्थ सांगितला. कॅसेटमधला खेळ विकलेला नाही, फक्त वापरायला दिला आहे. मशीन उघडल्यास कारवाई होईल. आणि शेवटी, खोकं उघडलं म्हणजे या अटी मान्य आहेत असं समजलं जाईल.

"आणि हा कागद होता कुठं, सांगू का साहेब? खोक्याच्या आत," बाई म्हणाल्या.

त्यांचा जबाब मी तिथेच शब्दशः लिहून घेतला. परत येताना मोटारसायकलवर मला त्या अकरा चिठ्ठ्यांचा अर्थ कळला. जो पुरावा मी चोरीचा म्हणून जप्त केला होता, तो त्या माणसाच्या सचोटीचा होता.

एजंटाला बोलावलं. दुकानातून जप्त केलेल्या तिन्हींपैकी एक मशीन ठाण्यातल्या टीव्हीला जोडली. मेकॅनिकला कोठडीतून बाहेर काढून समोरच आयसी बसवायला सांगितली. जुनी कॅसेट घातली, पडदा लुकलुकत राहिला. आयसी काढून तार जोडली आणि खेळ सुरू झाला.

मी एजंटाला म्हणालो, "कॅसेट तुमचीच, मशीन तुमचीच. लोकांनी दोन्ही विकत घेतलं. मग अडवता का?"

"साहेब, कॅसेट विकली. खेळ नाही विकला."

जमादार कोपऱ्यातून बोलले, "म्हंजी म्हैस इकायची आन् दूध आपल्याला इचारून काढायचं." ठाण्यात सगळे हसले. मेकॅनिक हसला नाही. एजंट मात्र हसला, कारण त्याचं काम झालेलं होतं. गावच्या बातम्या छापणाऱ्या एका साप्ताहिकात 'इलेक्ट्रॉनिक चोर जेरबंद' असं येऊन गेलं होतं.

मेकॅनिकला कोर्टाने जामीन दिला. आता बाकीच्या दहा जणांचे जबाब हवे होते. मी घरोघर गेलो. आयसी आम्हीच काढायला दिली, हे सगळ्यांनी तोंडी मान्य केलं. सही करायला एकही तयार होईना. "आमाला कशाला साहेब त्येच्या भानगडीत?" एक बागायतदार तर खाट सोडून उठलेही नाहीत. म्हणाले, "ह्यात केलं नसंल. पर ते लोक कुठं ना कुठं करत्यातच." त्यांच्या मागे टीव्हीवर त्याच मेकॅनिकने चालू करून दिलेला खेळ सुरू होता.

तपास संपला की फौजदार कोर्टाला अंतिम अहवाल देतो. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर 'ब' समरी मागायची. मग खोटी फिर्याद देणाऱ्यावर कारवाई करता येते. फिर्याद गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर 'क' समरी, मग कोणावरच काही नाही. मी 'ब' लिहिली होती. वरिष्ठ साहेबांनी कागद परत केला. "एक जबाब आहे तुझ्याकडे, एक. कंपनी वकील उभे करील. 'क' लिही आणि मोकळा हो." मी 'क' लिहिली. एजंट मोकळा झाला, मी मोकळा झालो.

बाईंना मी जिल्हा ग्राहक मंचाचा रस्ता दाखवला. मंचाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि एजंटाला कॅसेटी बदलून द्याव्या लागल्या. पण मंच ग्राहकासाठी होता. मेकॅनिक ग्राहक नव्हता. त्याला लागलेला 'चोर' हा शब्द कोणत्या कार्यालयात परत घेतात, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही येत नाही.

मुद्देमाल सोडवायला तो आला तेव्हा त्याने आधी डबी मागितली. दुरुस्तीची हत्यारं नंतर. "तुमचं दुकान?" मी विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला अहोजाहो केलं.

"गिऱ्हाईक येत न्हाई, साहेब. रेडिओ दिला तर पार्ट बदलंल म्हनत्यात."

पुढचं मला बाईंनी सांगितलं. तो सायकलवर गावोगाव फिरला आणि अकराही आयसी ज्यांच्या त्यांना परत दिल्या. लोकांनी दारातच हात पुढे करून घेतल्या. आत या, कोणी म्हटलं नाही. झरीत बाईंनी चहा केला. तो अर्धा पिऊन उठला. त्यानंतर तो ताडकळसला कोणाला दिसला नाही. मी चौकशी केली, पण उशिरा.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. कायद्याचा धाक गुन्हेगारापेक्षा साक्षीदाराला जास्त असतो, आणि ज्याच्या बाजूने कोणी बोलत नाही त्याच्यावरचा खोटा आरोप पचवणं ठाण्याला फार सोपं जातं. मला ते दहा लोक वाईट वाटले नाहीत. ते घरी बसले, एवढंच. मीही खुर्चीत बसलोच होतो.

म्हणून एक मागतो. तुमच्या घरची वस्तू उघडली म्हणून कोणाला ठाण्यात नेलं असं कानावर आलं, तर त्याच दिवशी तिथे जा. ती माझी आहे आणि मीच उघडायला दिली, एवढं लिहून घ्यायला लावा. खाली सही करा. समोरचा फौजदार तरुण असेल, घाईत असेल, स्वतःबद्दल त्याची खात्री असेल. त्याला थांबवा.