डाव्या बाजूचं कापड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी तात्यांचं, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांचं, नाव घेतो. आणि सगळ्यात जास्त छळलं कोणी, असं विचारलं तरी तेच नाव सांगावं लागतं. राहुरीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. तात्यांनी मला तीन वर्षं घरी ठेवून पदवीधर केलं. त्या तीन वर्षांत सांगितलेल्या दिवशी तयार झालेला एकही कपडा मात्र मी त्यांच्या दुकानात पाहिला नाही.

कारण पतंग. रद्दीतल्या एका परदेशी मासिकात त्यांना चित्र सापडलं होतं: पायाखाली फळी, हातात दोऱ्या, आणि भलाथोरला पतंग माणसाला पाण्यावरून ओढत नेतोय. ते चित्र मशीनसमोर देवांच्या रांगेत लागलं. मोडक्या छत्र्यांचं कापड जोडून तात्यांनी पतंग शिवला आणि दर रविवारी मुळा धरणामागच्या पाण्याच्या फुगवट्यावर जायला लागले. काठावर पतंग उचलून धरायला मी. सोसाट्याचा वारा सुटला की ते घरीच बसत. "त्यात काय, त्यात पत्रंबी उडत्यात. झुळकीवर जाया पायजे," म्हणत. झुळकीवर पतंग उठायचा, तात्या फळीवर उभे राहायचे आणि उभ्याउभ्याच बुडायचे. घरी आले की पतंगाला आणखी एक पट्टी. चादरीएवढा होता तो मांडवाएवढा झाला. मी इंग्रजीत नापास झालो तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं, "वारं कमी हाय ना, मग कापड वाढव," आणि रोज दोन तास जास्त अभ्यासाला बसवलं. गिऱ्हाईकं एक दिवस उघडी येतील दारात, असं मावशी म्हणायची. पहिलं मीच निघालो.

पदवी घेऊन मी आमच्या घरी परतलो होतो. सुप्याच्या एका कारखान्यात सोमवारी माझी मुलाखत होती. माझी एकुलती एक पॅन्ट गुडघ्यावर विरलेली, म्हणून वडिलांनी राखाडी टेरिकॉटचं कापड आणून तात्यांकडे दिलं होतं. रविवारी सकाळी गेलो तर दुकानाला कुलूप. सायकल तशीच फुगवट्याकडे मारली. बाभळीला टेकवून तात्यांनी एकट्यानेच पतंग उडवला होता, आणि त्या काळ्या पतंगाच्या डाव्या कडेला माझं टेरिकॉट चमकत होतं.

वारा इतका मंद की काठावरचं गवत हलत नव्हतं, आणि तात्या पाण्यावरून खरोखर चालले होते. मी हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं आणि बुडाले.

"डावीकडं झुकत हुता रे," निथळत वर येऊन म्हणाले, "उद्याचं ध्यानातच न्हाई राह्यलं."

"पोटच्या पोराची मुलाखत असती तर राहिलं असतं."

त्यांना मूलबाळ नव्हतं. तिथंच काठावर बसून, ज्या झुळकीची तीन वर्षं वाट पाहिली ती अंगावरून जात असताना, त्यांनी ब्लेडने एकेक टाका उसवला. संध्याकाळी पॅन्ट तयार होती.

नोकरी लागली. पुढे मावशीनं कळवलं, पतंग माळ्यावर पडलाय, गिऱ्हाईकांना कपडे वेळेवर मिळतात. त्यात तिला आनंद झालेला दिसला नाही. तेव्हा मी हे पत्र लिहिलं:

"तीर्थरूप तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार. कंपनीने गणवेश दिला आहे, म्हणून राखाडी पॅन्ट सोबत पाठवत आहे. मांडीवर तुमच्या जुन्या टाक्यांची भोकं अजून आहेत, त्यांच्यावरूनच पतंगाच्या डाव्या बाजूला जोडा. त्या दिवशी बोललो ते शब्द मला उसवता आले नाहीत. रविवारी सुट्टी आहे. पतंग उचलून धरायला येतो."